शियांगबाईंची केरसुणी

शियांग लानयिंग मूळच्या गाण्याच्या शिक्षिका. तालुक्याच्या तिसऱ्या माध्यमिक शाळेत एकोणीस वर्षं त्यांनी अकॉर्डियन वाजवून पोरांच्या गळ्यांतून सूर काढले. मग त्यांच्या स्वतःच्या गळ्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आवाज कायमचा बसला, आणि हेडमास्तर गोंग यांनी त्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या यंत्रांच्या खोलीत नेऊन बसवलं. प्रोजेक्टर, माइक, वायरींची भेंडोळी आणि वर्गावर्गांतले बेचाळीस कॉम्प्युटर आता त्यांचे. यंत्रांशी बोलावं लागत नाही, असं हेडमास्तर तेव्हा म्हणाले होते, आणि आपण फार मायेचं काहीतरी बोललो असं त्यांना आजही वाटतं.

यंत्रं बोलत नव्हती हे खरं, पण त्यांच्या पडद्यांना मात्र तोंड फुटलं होतं. अक्षरं टाइप करायचा प्रोग्राम फुकट मिळतो, आणि तो आपल्यासोबत जाहिरातींचा सगळा गोतावळा घेऊन येतो. धडा रंगात आलेला असतो, पोरं कधी नव्हे ती फळ्याकडे बघत असतात, आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात टुणकन एक खिडकी उघडते. पोट कमी करा. टकलावर केस उगवा. तलवार घ्या आणि राक्षस मारा. भिंतीएवढ्या पडद्यावर ते पोटही भिंतीएवढंच दिसतं. मग शिक्षक कोपऱ्यातली फुली शोधतो, फुली दाबली की दुसरी खिडकी उघडते, आणि पंचेचाळीस मिनिटांच्या तासातली पाच मिनिटं पोरांच्या खिंकाळण्यात जातात.

लानयिंगबाईंनी यावर केरसुणी काढली. इंटरनेटवरच्या चर्चा वाचून वाचून, रडतखडत, त्या बॅच फाइल लिहायला शिकल्या. बॅच फाइल म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी. एकाखाली एक ओळ, वरपासून खालपर्यंत त्यानं निमूट पाळायची. पहिल्या ओळीत जाहिरातीचा प्रोग्राम बंद पाडायचा, दुसरीत त्याचं बिऱ्हाड पुसून टाकायचं, तिसरीत त्याच जागी त्याच नावाची एक रिकामी फाइल ठेवून तिला कुलूप घालायचं, म्हणजे तो परत आला तरी बसमध्ये पिशवी ठेवून धरलेल्या जागेसारखी ती जागा त्याला भरलेली दिसावी. या फाइलीला त्यांनी नाव दिलं केरसुणी. शाळाभर नाव झालं. 'शियांगबाई, जरा केरसुणी मारून जा हो,' असं शिक्षक जिन्यात भेटले की म्हणायचे. आवाज गेल्यापासून त्यांना कुणी कशासाठी बोलावलं नव्हतं, त्यामुळे त्या लगेच जायच्या.

त्यांना आता कधीच न बोलावणारी एकच बाई शाळेत होती, थाओ सूछिन. भाषेच्या शिक्षिका. लानयिंगबाईंहून दोन वर्षांनी मोठ्या.

या दोघी एकाच सप्टेंबरात या शाळेत लागल्या, एका खोलीत राहिल्या, एका शेगडीवर भात लावला. सूछिनबाईंचा नवरा कामासाठी दक्षिणेला गेला तो पंधरा वर्षांत परतला नाही, तेव्हा त्यांच्या दारात रोज संध्याकाळी लानयिंगबाई जाऊन बसत. लानयिंगबाईंचा गळा कापला तेव्हा सूछिनबाई अकरा दिवस दवाखान्यात त्यांच्या उशाशी होत्या. नर्सशी भांडायचं, डॉक्टरला विचारायचं, भाताची पेज फार पातळ आहे म्हणून ओरडायचं, ते सगळं यांच्या वतीनं त्यांनी केलं. आणि गेली दोन वर्षं त्या जेवणघरात यांच्याकडे पाठ करून बसत होत्या.

झालं होतं ते असं. वरिष्ठ शिक्षिकेची श्रेणी मिळवायची तर खुला तास द्यावा लागतो. मागच्या बाकांवर जिल्ह्याचे परीक्षक, शेजारच्या शाळांचे शिक्षक, भिंतीवर कॅमेरा, आणि पुढे तुम्ही. सूछिनबाईंनी दोन महिने त्या तासाची तयारी केली. नऊला तास सुरू झाला, कवितेचं पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि नऊ वाजून तेवीस मिनिटांनी पडद्याच्या कोपऱ्यात खिडकी उघडली. पोट नव्हतं, टक्कल नव्हतं. ओठ रंगवलेली, खांदे उघडे टाकलेली एक बाई, आणि खाली ठळक अक्षरांत: 'चाळिशी उलटलेल्या, एकट्या, तुमच्याच गावातल्या. आज भेटा.' पन्नास पोरं हसली. परीक्षकांनी माना खाली घालून काहीतरी लिहिलं. सूछिनबाईंचा फुली दाबायला गेलेला हात चुकला, फुलीच्या जागी बाईवर पडला, आणि ती बाई पडदाभर झाली.

श्रेणी गेली. ती गेली असती तरी चाललं असतं, पण दुपारी जेवणघरात खेळाचे मास्तर पेई चॉपस्टिक दाताखाली धरून म्हणाले, की अहो, जाहिरात उगाच येत नाही, जो जसलं बघतो त्याला तसली दिसते. गंमत म्हणून म्हणाले. टेबल हसलं. पंधरा वर्षं नवरा नसलेल्या बाईच्या मागं ती गंमत शाळाभर फिरली आणि शेवटी आठवीच्या पोरांपर्यंत पोचली.

त्याच संध्याकाळी लानयिंगबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या होत्या, "सूछिनताई, मी सकाळी केरसुणी मारली होती. खरंच मारली होती."

"मारली असतीस तर आली असती का ती?"

 तेव्हापासून सूछिनबाईंच्या तोंडून 'लानयिंग' ऐकू आलं नाही. गरज पडली तर 'शियांगबाई' म्हणत. एरवी तेवढंही नाही.

शाळेच्या शिक्षकांचा मोबाइलवर एक गट आहे, एकशे अठरा जणांचा. नोटीस पडली की प्रत्येकानं खाली 'मिळालं' असं लिहायचं, हा तिथला शिरस्ता. लानयिंगबाई नोटीस टाकायच्या की उद्या दहा ते बारा वीज नाही, प्रोजेक्टर बंद करून ठेवावेत. आणि खाली मिळालं, मिळालं, मिळालं अशी रांग लागायची. एकशे सतरा यायला हवीत, एकशे सोळा यायची. त्या प्रत्येक वेळी मोजायच्या. हे काही शहाण्या माणसाचं काम नव्हे हे त्यांना कळत होतं, तरी मोजायच्या. एका खोलीत राहायच्या तेव्हापासूनची ही मोजायची खोड सूछिनबाईंना ठाऊक होती.

ऑक्टोबरात खुल्या तासांची यादी लागली आणि तिच्यात थाओ सूछिन हे नाव होतं. बाई चोपन्न वर्षांच्या. पुढच्या वर्षी निवृत्त. म्हणजे ही शेवटची खेप. तास नोव्हेंबरातल्या गुरुवारी, नऊ वाजता, त्याच रेकॉर्डिंगच्या खोलीत.  दोन वर्षांपूर्वीच्या त्या प्रकारानंतर लानयिंगबाईंनी हट्टानं बेचाळीसही कॉम्प्युटरांत केरसुणी अशी बसवली होती की यंत्र सुरू झालं की तीही आपोआप सुरू व्हावी, कुणाच्या विसरण्यावर काही राहू नये. तरीसुद्धा रोज सकाळच्या पहिल्या तासाला कुठे ना कुठे खिडकी उघडायचीच. शिक्षक सरावले होते. केरसुणी आहे म्हणून एवढ्यावर भागतंय, नाहीतर काय झालं असतं, असं ते म्हणत, आणि लानयिंगबाईंनाही तसंच वाटे.

पण या खेपेला एवढ्यावर भागून चालणार नव्हतं. सोमवारी त्यांनी कपाटावरचा एक जुना कॉम्प्युटर खाली काढला, पुसला, सगळं नव्यानं भरलं, आणि केरसुणी कुठे कमी पडते ते शोधायला बसल्या. केरसुणी चालताना एक काळी खिडकी क्षणभर उघडून मिटायची, काय घडलं ते वाचता यायचं नाही. म्हणून त्यांनी शेवटी थांबायचा हुकूम घातला. मग सगळ्या ओळी धडपणे चाललेल्या दिसल्या. प्रोग्राम बंद पडला, बिऱ्हाड पुसलं गेलं, कुलूप लागलं. त्या पडद्यासमोर चहाचा थर्मास घेऊन बसून राहिल्या. आणि खिडकी उघडली. तीच ओठ रंगवलेली बाई, तेच उघडे खांदे. दोन वर्षांत तिनं केसांची तऱ्हासुद्धा बदलली नव्हती.

या कॉम्प्युटरवर आजवर कुणी काही बघितलं नव्हतं. तो चार वर्षं कपाटावर धूळ खात होता.

खडूच्या खोक्याच्या झाकणावर त्यांनी पेन्सिलनं आकडा लिहिला. केरसुणी मारल्यापासून तेहतीस मिनिटं. पुन्हा केलं, पुन्हा तेहतीस. मंगळवारी एकेक ओळ झोपवून बघितली, बुधवारी दुपारी शेवटी केरसुणी अजिबातच मारली नाही. नुसत्या टायपिंगच्या प्रोग्रामच्या आत शिरल्या, एका पानातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, आणि तिथं लपवून ठेवलेल्या अकरा चौकटींतल्या खुणा एकेक काढल्या. जाहिरात दाखवू का, बातमी दाखवू का, भेट दाखवू का. नको, नको, नको. आणि बसल्या. तास गेला, दोन गेले. काही आलं नाही. मग त्यांनी केरसुणी मारली. तेहतीस मिनिटांनी बाई हजर, आणि अकराही खुणा पुन्हा जागच्या जागी.

त्यांना कळायला फार वेळ लागला नाही. कळून घ्यायला लागला. जे बिऱ्हाड केरसुणी पुसत होती त्यातच त्या अकरा खुणांची नोंद ठेवलेली असायची. नव्या आवृत्तीत तिथं आणली होती, तीन वर्षांपूर्वी. नोंद गेली की प्रोग्रामला वाटायचं आपलं काहीतरी मोडलंय. तो अर्ध्या तासानं स्वतःची डागडुजी करायचा, जाहिरातवाल्याला दुसऱ्या नावानं, दुसऱ्या जागी परत बोलवायचा, आणि सगळ्या खुणा चालू करून टाकायचा. पिशवी ठेवून धरलेली जागा त्याला नकोच होती.

आणि मग लानयिंगबाईंना ती दोन वर्षांपूर्वीची सकाळ आठवली. सूछिनबाई चष्मा नाकावर ओढून म्हणाल्या होत्या, अगं, मी एकूण एक बंद करून टाकलंय, अकरा होत्या, तू नुसती नजर टाक. आणि यांनी नजर टाकून थांबायचं की नाही? नाही. जादा काळजी म्हणून, नऊला दहा कमी असताना, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून केरसुणी मारली. आठ पन्नास आणि तेहतीस. नऊ तेवीस.

त्यांनी झाकणावर तो हिशेब लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला.  आपण विसरलो नव्हतो, एवढंच दोन वर्षं उराशी धरून त्या जगल्या होत्या. विसरल्या असत्या तर काहीच झालं नसतं.

याहून वाईट म्हणजे उद्या. खुल्या तासाआधी कॉम्प्युटर एकदा बंद करून सुरू करायचा, ही इथल्या प्रत्येक शिक्षकाची सवय. देवघरात जाण्याआधी पाय धुवावेत तशी. सूछिनबाई त्या खुणा काढून ठेवणार, आठ पन्नासला कॉम्प्युटर पुन्हा सुरू करणार, केरसुणी आपोआप उठणार, आणि नऊ तेवीसला तीच बाई त्याच पडद्यावर येऊन उभी राहणार.

लानयिंगबाई जिना उतरून धावल्याच. रेकॉर्डिंगच्या खोलीला कुलूप होतं. फाटकावरचा पहारेकरी म्हातारा दान गार वाऱ्यात शेगडीशी बसला होता. दोन्ही किल्ल्या थाओबाईंनी नेल्या, तो म्हणाला. त्या शेजारच्या गावी सरावाचा तास द्यायला गेल्यात.

"कुणाला उघडून द्यायचं नाही म्हणाल्या," म्हाताऱ्यानं नजर शेगडीकडे वळवली. "तुमचं नाव घेऊन म्हणाल्या, बाई. आता मी काय करू."

फोन लावला. वाजला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, वाजलाही नाही. मेसेज लिहायला घेतला, 'सूछिनताई, उद्या कॉम्प्युटर बंद करून सुरू करू नका' एवढं लिहिलं आणि पुसलं. हे वाचून ती बाई काय समजेल? आता ही मला घाबरवतेय. हेडमास्तरांना सांगावं तर ते तासच पुढे ढकलतील, यादी बंद होईल, आणि पुढच्या वर्षी सूछिनबाई शाळेतच नसतील. लानयिंगबाई घरी गेल्या, मुळ्याचं लोणचं पानात घेऊन भात चिवडला, तसाच टाकला.

सकाळी सात वीसला त्या रेकॉर्डिंगच्या खोलीच्या दाराशी उभ्या होत्या. धुकं इतकं की मैदानापलीकडचा झेंड्याचा खांब दिसत नव्हता. रस्त्यावरच्या शेवयांच्या दुकानातून तिखट तेलाचा वास येत होता. सात चाळीसला सूछिनबाई आल्या. किरमिजी जाकीट, केस नुकतेच काळे केलेले, हातात किल्ल्या. यांना बघून त्या थांबल्या, मग काही न बघितल्यासारखं कुलूप उघडायला लागल्या.

लानयिंगबाईंनी रात्रभरात एक सोपं खोटं तयार ठेवलं होतं. हेडमास्तरांनी माइक तपासायला सांगितलाय. दोन मिनिटं यंत्राशी मिळाली की केरसुणी गुपचूप काढून टाकता येईल, तास नीट होईल, आणि कुणाला कधी काही कळणार नाही. ते खोटं त्या बोलल्या.

"माइक ठीक आहे," सूछिनबाई आत गेल्या. "कालच पाहिला. शियांगबाई, तुम्ही या यंत्राला हात लावू नका. एवढं एक मागते. तास झाला की खुशाल लावा."

आणि त्या कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसल्या. तिथून त्या नऊपर्यंत उठणार नाहीत हे त्यांच्या पाठीवरूनच दिसत होतं. ती पाठ लानयिंगबाई दोन वर्षं रोज दुपारी बघत होत्या.

आता एकच वाट उरली होती. लानयिंगबाईंनी दार लावून घेतलं. आवाज मुळात फाटका. शब्द अर्धे हवेतच जात होते.

"ताई, ती जाहिरात माझ्यामुळे आली. दोन वर्षांपूर्वीची."

सूछिनबाई वळल्या नाहीत.

लानयिंगबाईंनी सगळं सांगितलं. कपाटावरचा कॉम्प्युटर, अकरा खुणा, तेहतीस मिनिटं. खडूच्या खोक्याचं झाकण त्यांनी पिशवीतून आणलं होतं, ते टेबलावर ठेवलं. तुम्ही नीट बंद केलं होतं, म्हणाल्या. मी ते चालू केलं. आणि आज पुन्हा होईल, कारण ती केरसुणी मी याही यंत्रात बसवून ठेवलीय, सुरू केलं की ती उठते. मला ती काढू द्या. मग माझ्याशी जन्मात बोलू नका.

 सूछिनबाईंनी झाकण उचललं, चष्मा खाली ओढून आकडे वाचले. खूप वेळ वाचले. चार-पाच आकडेच होते.

"म्हणजे तू खरंच मारली होतीस," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला वाटलं, विसरलीस. विसरलीस आणि माझ्या तोंडावर खोटं बोललीस. अकरा दिवस हिच्या उशाशी बसले, म्हटलं, आणि हिला एक चूक कबूल करवत नाही." त्यांनी झाकण टेबलावर ठेवलं. "श्रेणीचं जाऊ दे. मी तुला खोटारडी समजत होते गं."

 लानयिंगबाईंचे डोळे भरून आले ते त्यांनी बाहीनं पुसले.

"आणि लोक जे म्हणाले ते?" सूछिनबाईंनी विचारलं. "पेई म्हणाला ते? आठवीतली पोरं माझ्या पाठीमागं म्हणतात ते?"

 सूछिनबाई उठल्या आणि खुर्ची मागं सरकवली.

"कर काय करायचं ते. पण प्रत्येक गोष्ट मला दाखवत कर."

लानयिंगबाई बसल्या. सुरू होताना उठणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीतून केरसुणी काढली. वेळापत्रकात तिची एक जादा प्रत लावून ठेवलेली होती, तीही काढली. जादा काळजीची त्यांची खोड जुनी. जे पुसलं गेलं होतं ते परत नीट बसवलं. मग दोघींनी मिळून अकरा खुणा काढल्या, एक वाचायची, दुसरी दाबायची, पोरींनी उजळणी करावी तशा. आठ पन्नासला सूछिनबाईंनी स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. काळी खिडकी लुकलुकली नाही. खुणा पुन्हा तपासल्या, अकराही कोऱ्या होत्या. मग दार उघडलं, पोरं रांगेत आली, त्यांच्या मागून परीक्षक आणि हेडमास्तर गोंग, आणि लानयिंगबाई बाहेर पडल्या.

मागच्या दाराच्या काचेतून अर्धा पडदा दिसतो. लानयिंगबाई तिथं उभ्या राहिल्या. आज धडा पत्रलेखनाचा होता. सूछिनबाईंचा आवाज सुरुवातीला कापरा होता, मग स्थिर झाला. नऊ पाच. नऊ आठ. सगळं काढलंय, लानयिंगबाई स्वतःला सांगत होत्या, दोन्ही ठिकाणची काढलीय, डोळ्यांनी पाहिलंय. पण दोन वर्षांपूर्वीही सगळं डोळ्यांनी पाहिलंच होतं. आणखी कुठे तिसरी प्रत ठेवली होती का आपण? ठेवली असेल तर? त्यांनी भिंतीला हात टेकला. भिंत ओली होती, धुक्यानं.

आणि त्या ओल्या भिंतीशी उभ्या उभ्या त्यांना मगाचा प्रश्न आठवला. लोक जे म्हणाले ते.

नऊ बाराला त्यांनी मोबाइल काढला आणि शिक्षकांच्या गटात लिहायला घेतलं.  दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा लिहिलं ते पुन्हा न वाचता, नऊ वीसला पाठवून दिलं:

'सर्व शिक्षकांस. दोन वर्षांपूर्वी थाओबाईंच्या खुल्या तासाला पडद्यावर जाहिरात आली ती माझ्या केरसुणीमुळे आली. थाओबाईंनी जाहिराती स्वतः नीट बंद केल्या होत्या, केरसुणीनं त्या परत चालू केल्या. कोण काय बघतं याचा तिच्याशी संबंध नाही. सोमवारी माझ्या खोलीतल्या कोऱ्या कॉम्प्युटरवर तीच जाहिरात आली, आणि तो कॉम्प्युटर चार वर्षं कपाटावर होता. कुणाला बघायची असेल तर यावं, तेहतीस मिनिटांत दाखवते. रोज सकाळी तुमच्या वर्गात येते तीही केरसुणीमुळेच. ती आजपासून सगळीकडून काढून टाकत आहे. शियांग लानयिंग, यंत्रांची खोली.'

काचेतून त्यांना मागच्या बाकावरचे हेडमास्तर दिसत होते. त्यांनी टेबलाखाली मोबाइल पाहिला, आणि मान वर केली ती थेट दाराच्या काचेकडे. लानयिंगबाईंनी नजर पडद्यावर ठेवली. नऊ बावीस. तिथं पत्राचा मायना होता, बाकी काही नव्हतं. नऊ तेवीस.

वर्गात हशा पिकला.

 लानयिंगबाईंनी काचेवर कपाळ टेकलं तेव्हा दिसलं, पडदा स्वच्छ होता. एक जाडगेला पोरगा उभा राहून स्वतःचं पत्र वाचत होता. शहरात कामाला गेलेल्या बापाला त्यानं लिहिलं होतं की आजी तुमच्यापेक्षा डुकराची जास्त आठवण काढते. सूछिनबाईही हसत होत्या. परीक्षक हसत होते. नऊ चोवीस झाले, पंचवीस झाले, चाळीस झाले. कोपरा कोराच राहिला.

तास संपल्यावर कुणाशी बोलायला नको म्हणून लानयिंगबाई वर यंत्रांच्या खोलीत गेल्या. दुपारी येऊन भेटा, असा हेडमास्तरांचा निरोप आला होता. तिथं काय होणार ते त्यांना ठाऊक होतं. पुस्तकांच्या गोदामात बसायला कुणीतरी हवंच होतं. तासाचा निकाल महिन्याभरानं लागणार. त्यांनी एका कागदावर उरलेल्या एक्केचाळीस खोल्यांचे आकडे मांडले, केरसुणी काढायला कुठून सुरुवात करावी ते ठरवलं, आणि मगच मोबाइल उघडायचा धीर केला.

खाली रांग लागली होती. मिळालं, मिळालं, मिळालं. कुणी रागावलं नव्हतं, कुणी हसलं नव्हतं. या गटात वीज जाणार असल्याची नोटीस आणि बाईमाणसाची बदनामी सारख्याच पोचतात. त्या मोजत गेल्या. एकशे पंधरा. एक कमी होतं, आणि दुसरं जे कमी असायचं ते तर असणारच होतं.

जेवणाची घंटा झाली. त्या उठल्या नाहीत. बारा चाळीसला मोबाइल वाजला.

'मिळालं,' थाओ सूछिन यांनी गटात लिहिलं होतं, एकशे अठरा जणांसमोर. आणि त्याच्या खाली: 'पेई मास्तरांचं अजून आलेलं नाही. मीही मोजतेय.'

लानयिंगबाई पडद्याकडे बघत बसल्या. चार मिनिटांनी पेई मास्तरांचंही आलं.